नारिंगी भिंत: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

गेल्या दिवाळीआधी हॉलची एक भिंत नारिंगी केली. शेंदरी नव्हे, भाजलेल्या विटेकडे झुकणारी छटा. बाकी तीन भिंती आणि छत पांढरंच ठेवलं. आता उन्हाळा-पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावर सांगते: हॉलला हा रंग मी पुन्हा देईन, पश्चिमेच्या खोलीला मात्र कुणी फुकट लावून दिला तरी नको.

सगळा खेळ उजेडाचा आहे. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत, हॉलच्या खिडक्या उत्तरेला. ऊन थेट येतच नाही, उजेड थंड, जरासा निळसर. आधीचा मोतिया रंग त्यात भर दुपारीही मळकट दिसायचा. नारिंगी तिथे छान बसला. नणंदेने हीच शेड मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला, तीही चारी भिंतींना दिली. खिडकी पश्चिमेला. एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो आणि आणखी गडद होतो, त्यात मे महिन्यातलं चारनंतरचं ऊन. खोली पेटल्यासारखी दिसते. तिने जाड पडदा लावलाय, म्हणजे रंगाचे पैसे पडद्याआड!

दिव्यांचंही तेच. आमच्या जुन्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली भिंत संध्याकाळी मातकट, मरगळलेली वाटायची. ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी लावले आणि रंग खुलला. शेडकार्ड दुकानातल्या ट्यूबखाली बघून ठरवू नका. लहान डबा आणून दोन फूट बाय दोन फूट पट्टा भिंतीवरच मारा, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा बघा.

खर्चाचं आधीच बोलून घ्या. भाव दोन हातांचा ठरला होता. रंगारीभाई पहिला हात मारून मागे सरकले आणि म्हणाले, "बेन, आ तो त्रण हाथ मागशे." म्हणजे याला तीन हात लागतील. खरंच होतं. अशा गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळायच्या मूळ रंगात, खालचं झाकणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, त्यामुळे रंग झाकतो कमी आणि खालचे पुट्टीचे ठिगळ दिसत राहतात.

सागवानी कपाट या भिंतीपुढे हरवून गेलं, ते हलवावं लागलं. हिंचक्याच्या पितळी कड्या मात्र पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या इतक्या उठून दिसतात, आणि गादीवर निळा अभ्रा घातल्यावर तर बघायलाच नको. सासूबाई पहिले काही दिवस "देवळात बसल्यासारखं वाटतं गं" म्हणत होत्या. ही तक्रार होती की कौतुक, अजून कळलेलं नाही.

पावसाळ्यात न्हाणीघराकडच्या कोपऱ्यात पांढरे क्षार फुलले. ओल भिंतीतली, रंगाचा दोष नाही, पण मोतियावर हे कुणाच्या नजरेला आलं नसतं. सोफ्यामागे डोकी टेकून तेलाचे गोल डाग पडलेत. मॅट फिनिश असल्याने ओल्या फडक्याने जोरात पुसलं की तेवढाच भाग चकाकतो, आणि उरलेला रंग वरून लावला तर ठिगळ दिसतं. अशा भिंतीला सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेलं फिनिश घ्या, डाग पुसता येतात. मात्र पुट्टी नीट घासून घ्या, नाहीतर दिवा लागला की सॅटिनमध्ये एकेक उंचवटा मोजता येतो.