सावंतवाडीची सांकेतिक चकती: काम सुबक, किल्ली कच्ची

सावंतवाडीच्या चितारआळीतील एका दुकानातून मे महिन्यात भाचरांसाठी गुप्तलेखनाची लाकडी चकती ४५० रुपयांना घेतली, आणि सुट्टीभर मुलांइतकाच मीही तिच्याशी खेळलो असल्याने हा अभिप्राय लिहीत आहे. एकावर एक बसवलेल्या दोन चकत्यांच्या कडेने ‘क’पासून ‘ळ’पर्यंतची ३४ व्यंजने रंगवलेली आहेत; आतली चकती जितकी घरे फिरवावी, तितके प्रत्येक अक्षर पुढे सरकते. लाखकाम गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांच्या, गावाला शोभेल असे आहे, त्याबद्दल दुमत नाही.

तक्रार मांडणीची आहे. सोबतच्या चिठोऱ्यावर ‘कोणालाही न उलगडणारी’ असे छापले असले, तरी फिरवण्याच्या जागा, म्हणजेच किल्ल्या, अवघ्या ३३, आणि स्वर व काना-मात्रा चकतीवर नसल्यामुळे त्या गुप्त मजकुरातही उघड्याच राहतात. भाचीने पाच घरे सरकवून भावाला निरोप धाडला: ‘लसनी शाङ्षाळस आघे’. फणसाचे गरे सोलत बसलेल्या आईने कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘शेवटी आहेच असणार, दुसरं काय?’ घ म्हणजे ह हे एकदा कळले की ‘ह’पुढे ळ, क, ख, ग, घ अशी पाच घरे मोजायची आणि बाकीची अक्षरे तितकीच मागे आणायची. ‘बरणी माळ्यावर आहे’ हा निरोप अशा रीतीने बरणीच्या मालकिणीनेच वाचला.

ज्युलियस सीझर तीन अक्षरे सरकवून लिहीत असे. त्याच्या पुढची वाट या चकतीत सहज काढता आली असती. आतली अक्षरे क्रमाऐवजी विस्कटून लावली असती, तर घरे मोजणे निरुपयोगी ठरले असते. अर्थात, पत्र लांबलचक असल्यास कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजून त्याचाही माग लागतो; नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने ती रीत लिहून ठेवली आहे. त्यावरचा तोडगा इटलीच्या आल्बेर्ती या वास्तुकाराने १४६०च्या दशकात अशाच चकतीवर दाखवला: मजकूर लिहिता लिहिता मध्येच चकती फिरवायची, म्हणजे एकाच अक्षराला निरनिराळी सोंगे मिळतात. आम्ही प्रत्येक शब्दानंतर एक घर फिरवून पाहिले, तेव्हा आईला दुपारच्या चहापर्यंत वेळ लागला. चिठोऱ्यात याचा उल्लेखसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट कारागिराने मनावर घ्यावी. ङ आणि ड यांत फरक एका टिंबाचा, आणि ते टिंब आठवड्यात बोटांनी पुसले गेले. जूनअखेरीस दमट हवेने लाकूड फुगले आणि आतली चकती जागीच अडकली. ती आता सात घरांवर आहे, आणि घरातील सर्वांना ते ठाऊक आहे.