अॅक्रेडिटेड चेंबरचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन: नऊ महिने वापरून झाल्यावर

नऊ महिने झाले आणि साठेक सीओओ (सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मूळ कुठल्या देशाचा याचा दाखला) हाताखालून गेली, आता लिहायला हरकत नाही. आधी लिहिलं असतं तर पहिल्या महिन्यात नुसत्या शिव्या झाल्या असत्या आणि तिसऱ्या महिन्यात नुसतं कौतुक, आणि दोन्ही अर्धवट ठरलं असतं.

आधी आमचं काम काय ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. आम्ही ट्रेडिंगवाले, माल एका देशातल्या कारखान्यातून उचलायचा आणि थेट दुसऱ्या देशातल्या बायरला पाठवायचा, आमच्या गोदामाचं तोंडही तो बघत नाही. त्यामुळे माल जिथून निघतो तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडून (व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून) सप्लायरने सीओओ काढायचं आणि पाठपुरावा मात्र मी करायचा. सध्या अशी चार चेंबर्स आहेत, चार वेगळ्या देशांत. तीन आयसीसीच्या अॅक्रेडिटेशन चेनमधली, एक नाही. म्हणजे तुलना आपोआपच झाली, मुद्दाम काही करावं लागलं नाही.

आयसीसी म्हणजे क्रिकेटवाली नव्हे हं. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स, १९१९ सालची संस्था, ऑफिस पॅरिसला. तिची चेंबर्ससाठीची शाखा म्हणजे वर्ल्ड चेंबर्स फेडरेशन, आणि सीओओ देण्याची कामाची पद्धत कशी असावी याची गाइडलाइन पाळणाऱ्या चेंबर्सना ही शाखा अॅक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, देते. अशा चेंबरच्या सर्टिफिकेटवर आयसीसीचं लेबल असतं आणि त्याचा नंबर ऑनलाइन टाकून ते खरं आहे का बघता येतं. चेंबरने मालाचा मूळ देश सर्टिफाय करणं ही काही नवी टूम नाही, १९२३ च्या जिनिव्हातल्या कस्टम्स फॉरमॅलिटीजच्या करारातही सरकार हे काम चेंबरकडे सोपवू शकतं असं आहे. नवीन आहे ती ही तपासायची सोय, आणि मी पैसे (आणि रक्त) ज्याच्यासाठी खर्च केलं ते हेच.

आता अनुभव. पहिला प्रसंग अॅक्रेडिटेशन नसलेल्या चेंबरचा. शुक्रवारी संध्याकाळी पोचलेला कंटेनर कस्टम्सने अडवला, कारण काय तर सर्टिफिकेट खरं आहे का याची शंका. खरंच होतं हो! पण सिद्ध कसं करणार? चेंबरला मेल, मग फोन, मग कळलं सही करणारे साहेब सुट्टीवर, मग लेटरहेडवर पत्र, मग पत्रावर शिक्का नाही म्हणून परत पत्र. सहा दिवस गेले. डेमरेज (कंटेनर अडकून पडल्याचं जादा भाडं) कोणी भरायचं यावर बायरशी जे झालं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा सर्टिफिकेट अॅक्रेडिटेड चेंबरचं होतं. रात्री साडेदहाला क्लिअरिंग एजंटचा मेसेज, "मॅडम, नंबर टाकला, रेकॉर्ड सापडत नाही म्हणतंय." माझ्या पोटात गोळा. त्याला म्हटलं स्क्रीनचा फोटो पाठव, आणि फोटो मोठा करून बघते तर पठ्ठ्याने शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकलेला. दुरुस्त करून टाकला, रेकॉर्ड उघडलं, नंबर जुळला, एक्सपोर्टरचं नाव जुळलं, सकाळी माल सुटला. तेव्हापासून मी प्रत्येक सीओओ पाठवताना मेलमध्ये नंबर आणि कोड टाइप करूनच देते, कॉपी करा आणि पेस्ट करा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

पण इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती कळायला तीन महिने लागले. लेबल सांगतं की सर्टिफिकेट खरोखर त्या चेंबरने दिलंय आणि ते देताना ठरलेली पद्धत पाळलीय. तुमचा माल खरोखर त्या देशाचा आहे हे शेवटी ठरवणार आयात करणाऱ्या देशाचं कस्टम्स, आणि त्यांना शंका आली तर लेबल असो नसो, ते फाइल मागणारच. चेंबर माल बघायला येत नाही, कागद बघतं. खाली सही करून डिक्लेरेशन देतो तो एक्सपोर्टर, आणि खोटं निघालं तर गळ्याशी येतं ते त्याच्याच.

कागद किती बघतात याची एक गंमत सांगते, आणि हाच खरा या नऊ महिन्यांतला माझा आवडता किस्सा आहे. पितळी पाइप फिटिंगची ऑर्डर, चौदा आयटम. सप्लायर पितळी रॉड बाहेरच्या देशातून आणतो, कापतो, मशीनवर आकार देतो, आटे पाडतो, निकेल प्लेटिंग करतो. रॉडचा एचएस हेडिंग (कस्टम्सच्या वर्गवारीतला मालाचा नंबर) ७४०७, फिटिंगचा ७४१२, म्हणजे हेडिंग बदललं, मालाचं रूप खरोखर बदललं, रॉड परदेशी असला तरी फिटिंग त्याच्या देशाचं म्हणता येतं. इथवर सगळं छान. त्याने चौदाही आयटमना एकच मूळ देश टाकून अर्ज केला. आधीच्या चेंबरमध्ये अशा अर्जावर दहा मिनिटांत शिक्का पडायचा असं तो स्वतःच सांगायचा, अभिमानाने.

या अॅक्रेडिटेड चेंबरच्या डेस्कवरच्या बाईंनी रॉडच्या खरेदीची बिलं मागितली, प्रोसेस लिहून मागितली, कॉस्टिंग मागितलं. सप्लायर वैतागला, मला फोन, "इतकी वर्षं कोणी विचारलं नाही हो!" मी म्हटलं दे बाबा. मग बाईंनी बिलं आणि आयटमची यादी शेजारी ठेवली आणि विचारलं, चार इंची साइझचे जे दोन आयटम आहेत त्याला लागेल एवढा जाड रॉड तुम्ही कधी विकतच घेतलेला दिसत नाही, मग ते बनवता कशातून? झालं. ते दोन आयटम तो तिसऱ्या देशातून तयारच आणायचा, त्यात रबरी वॉशर बसवायचा आणि आपल्या खोक्यात भरायचा. वॉशर बसवून आणि खोकं बदलून मूळ देश बदलत नाही, पॅकिंग, लेबलिंग, नुसती जुळवाजुळव ही कामं यात धरतच नाहीत. शेवटी सर्टिफिकेटवर बारा आयटम एका देशाचे आणि दोन दुसऱ्या देशाचे असं स्वच्छ लिहून आलं.

बायर भडकला, त्याला सगळं एकाच देशाचं हवं होतं. दोन दिवस शांत राहिले आणि मग त्यालाच विचारलं की अँटी डम्पिंग ड्युटी (परदेशातून फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचा जादा कर) माल कुठून निघाला यावर लागते का कुठे बनला यावर? ती सहसा मूळ देशावर लागते, आणि उद्या त्याच्या कस्टम्सने जुन्या फाइल उघडल्या असत्या तर दंड त्यालाच बसला असता. त्यानंतर त्याने स्वतःच त्या दोन आयटमचा वेगळा इन्व्हॉइस मागायला सुरुवात केली. मला अॅक्रेडिटेशनचा खरा फायदा तिथे दिसला, लेबलपेक्षा त्या बाईंच्या प्रश्नात.

प्रेफरेन्शियल आणि नॉन-प्रेफरेन्शियल हा गोंधळ मात्र कोणीही टाळू शकत नाही असं दिसतंय. आयसीसीचं हे अॅक्रेडिटेशन नॉन-प्रेफरेन्शियल सर्टिफिकेटसाठी आहे, म्हणजे ड्युटीत सवलत मिळवून देणारं हे नव्हे. व्यापार करारातली सवलत हवी तर त्या कराराचा वेगळा फॉर्म, तो बरेचदा सरकारी खातं देतं, काही ठिकाणी सरकारने परवानगी दिली तर चेंबरही देतं, काही करारांत एक्सपोर्टर स्वतःच इन्व्हॉइसवर घोषणा लिहितो. एका बायरने मला चार वेळा विचारलं की एवढं इंटरनॅशनल लेबल आहे तर माझी ड्युटी किती टक्के कमी होईल. शून्य टक्के दादा. चौथ्यांदा मी फक्त "०" एवढंच उत्तर पाठवलं.

आणि नियम तरी सगळीकडे सारखे असावेत ना? तेही नाही. डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) रूल्स ऑफ ओरिजिनचा, म्हणजे मूळ देश ठरवायच्या नियमांचा, करार १९९५ पासून आहे, त्यात नॉन-प्रेफरेन्शियल नियम जगभर एकसारखे करायचं काम तीन वर्षांत संपवायचं असं ठरलं होतं, ते अजून संपलेलं नाही. त्यामुळे एकाच फिटिंगवर एका देशात हेडिंग बदललं की झालं, तर दुसरीकडे व्हॅल्यू किती टक्के वाढली ते मोजतात. मी आता ऑर्डर घेतानाच बायरला विचारते की तुझ्याकडचा नियम कुठला, आणि चेंबरला अर्जासोबत तेही लिहून देते. हे काम लेबल करत नाही, आपणच करायचं असतं.

बँकेचा अनुभव संमिश्र. एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे द्यायची बँकेची हमी) डॉक्युमेंट सादर करायला यूसीपी ६०० (आयसीसीचे एलसीचे नियम) प्रमाणे शिपमेंटनंतर २१ दिवस, एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर, आणि एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. एका बायरने हुशारी करून एलसीतच लिहिलं की सीओओ आयसीसी अॅक्रेडिटेड चेंबरचंच हवं आणि लेबल कागदावर दिसलं पाहिजे. चेंबर अॅक्रेडिटेडच होतं, पण सप्लायरने जुन्या छापील फॉर्मचा गठ्ठा संपवायचा म्हणून त्याच्यावर प्रिंट काढली, त्या फॉर्मवर लेबलच नाही! बँकेने डिस्क्रेपन्सी (कागद अटीशी जुळत नाही ही त्रुटी) काढली, आणि बरोबरच काढली, बँक कागद बघते, चेंबरची कीर्ती बघत नाही. सर्टिफिकेट परत करून नवीन काढलं तेव्हा एकोणिसावा दिवस होता. तो गठ्ठा मी कुरिअरने मागवून घेतला आणि फाडला, स्वतःच्या हाताने. त्यामुळे एलसीत उगाच अशी अट घालू नका, घातलीत तर सप्लायरच्या कपाटात काय पडलंय ते आधी विचारा.

अपोस्टिलबद्दल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून हेग कराराप्रमाणे मिळणारा दाखला) दोन ओळी, कारण हे मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. वकिलातीच्या शिक्क्याचा त्रास वाचवायला सीओओवर अपोस्टिल करून घेऊया का? १९६१ च्या हेग करारातच व्यापार आणि कस्टम्सच्या व्यवहाराशी थेट संबंध असलेले प्रशासकीय कागद वगळलेले आहेत. काही देश तरी करून देतात, पण समोरचा देश घेईल याची खात्री करूनच जा. बायर वकिलातीचं लीगलायझेशन मागत असेल तर चेंबरचं लेबल त्याची जागा घेत नाही, ती पायरी वेगळी आणि तिची फीसुद्धा वेगळी.

तक्रारी? आहेत ना. तीन अॅक्रेडिटेड चेंबर्सपैकी एक दिवसभराचा डेटा रात्री एकदमच चढवतं, म्हणजे सकाळी काढलेलं सर्टिफिकेट दुपारी तपासलं तर सापडत नाही आणि कस्टम्सवाल्याला वाटतं बनावट आहे. विमानाने जाणाऱ्या मालाला हे परवडत नाही, त्यासाठी मी आता सर्टिफिकेट एक दिवस आधी काढते. दुसऱ्या चेंबरमध्ये पहिल्या नोंदणीला बारा दिवस गेले, सहीचे नमुने, कंपनीचे कागद, हमीपत्र, परत सहीचे नमुने कारण निळ्या शाईऐवजी काळ्या शाईत केले होते. एकदा नोंदणी झाली की मात्र रोजचं काम गुळगुळीत चालतं, अर्ज सकाळी, सर्टिफिकेट दुपारपर्यंत, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचं वजन जुळत असेल तर. वजन जुळत नसेल तर तीनही ठिकाणी परत येतं, अर्ध्या किलोच्या फरकालासुद्धा आलंय, आणि मी कुरकुर केली तरी मनात म्हटलं आत्ताच पकडलं ते बरं.

राहता राहिलं चौथं चेंबर, अॅक्रेडिटेशन नसलेलं. ते मी सोडलेलं नाही. तिथल्या कारखान्याचा माल मला हवाच आहे आणि खरं सांगायचं तर चौघांत सगळ्यात पटकन फोन उचलतात ते हेच लोक. फक्त आता प्रत्येक सर्टिफिकेटसोबत "हे आम्हीच दिलंय" असं नंबर घालून शिक्क्याचं पत्र आधीच घेऊन ठेवते, शुक्रवारची वाट बघत नाही. पुढच्या आठवड्यात तिथून दोन कंटेनर निघतायत, दोन्हींची पत्रं काल आली, एकावर तारीख चुकलीय, ते परत पाठवलंय.