टाच लागते का, ते आधी बघा

सायकलच्या फ्रेमचा विषय निघाला की स्टील की ॲल्युमिनियम हा वाद सुरू होतो आणि चहा थंड झाला तरी मिटत नाही. मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी चार वर्षं ॲल्युमिनियमची हायब्रिड (रोजच्या रस्त्याची हलकी सायकल), नंतर गेले तीन पावसाळे क्रोमोलीची, म्हणजे स्टीलच्याच एका मिश्रधातूची, टुरिंग (सामान लादून लांब जायची) फ्रेम. गोव्यात रोज माशेल ते पणजी, आणि सुट्ट्या जोडून आल्या की साखळी-केरीवरून चोर्ला घाट. सांगतोय ते या रस्त्यांपुरतं.

स्टील मऊ चालतं आणि ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं, असं ऐकलं असेल. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. हायब्रिडवर २८ मिलिमीटर रुंदीचे टायर होते तेव्हा रायबंदर-पणजी कॉजवेवरचा एकेक खड्डा मनगटात मोजता यायचा. ३५चे घातले, हवा जरा कमी ठेवली, आणि निम्मी कुरकुर तिथेच थांबली. म्हणून मडगार्डसकट केवढा टायर बसतो ते धातूच्या आधी विचारा. हायब्रिडमध्ये ३५ म्हणजे शेवट. पावसात लाल माती टायर आणि मडगार्डच्या फटीत बसायची नि चाक जड व्हायचं. टुरिंग फ्रेममध्ये ४० बसून वर बोटभर जागा उरते. बसण्याची उंची, हँडलचं अंतर वगैरे थोडंफार इकडे-तिकडे करून दोन्हीकडे जमतं.

माझं बिनसलं ते टाचेवरून. डबा, लॅपटॉप, ऑफिसचा शर्ट पाठीवर घेतला की पणजी येईपर्यंत अंगातला शर्ट पिळून काढावा लागतो. म्हणून कॅरियरला बाजूची मोठी पिशवी अडकवली. पहिल्याच सकाळी, टक्. प्रत्येक पायडलला बुटाची टाच पिशवीच्या पुढच्या कोपऱ्यावर. माझा बूट नऊ नंबरचा, काही राक्षसाचा नाही. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत डोकं फिरलं.

मग उपाय सुरू. पिशवी मागे सरकवली. टाच सुटली, पण वजन मागच्या आसाच्याही मागे गेलं. चोर्ल्याच्या चढावर उभं राहून पायडल मारताना सायकलचं शेपूट हलायचं, आणि हँडल इतकं हलकं व्हायचं की शेजारून ट्रक गेला की पोटात गोळा. लहान पिशवी आणली, तिच्यात डबा आडवा करावा लागला. कढी कुठे गेली ते सांगत नाही. तळव्याच्या मधोमध पायडल घेऊन बघितलं, आठवड्यात गुडघा बोलायला लागला.

दोष धातूचा नव्हताच. पायडलांचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या हबपर्यंतची आडवी नळी, म्हणजे चेनस्टे, हायब्रिडचा ४३० मिलिमीटर होता. आताच्या फ्रेमचा ४६० आहे. तीन सेंटिमीटर! चाकासकट पिशवी तेवढी मागे, टाच मोकळी. फ्रेमची लांबी आणि धातू या दोन वेगळ्या गोष्टी. लांब चेनस्टेची ॲल्युमिनियम टुरिंग फ्रेमही असते. मला मात्र दुकानात मापाची मिळाली ती स्टीलची. शिवाय तिचा मागचा डिस्क ब्रेक चेनस्टेवरच असल्यामुळे तो कॅरियरच्या दांड्यांच्या आड आला नाही, आणि कॅरियर वॉशरचे थर न लावता सरळ बसलं.

स्टीलबद्दल खरी धास्ती गंजाची, आणि आपल्याकडे ती खोटी नाही. खाडीची हवा, वर चार महिने पाऊस. दर मे महिन्यात मी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून नळीत तेल सोडतो, बॉटम ब्रॅकेटखालचं पाणी जायचं भोक मोकळं करतो, आणि रंग उडाला असेल तिथे घरातली नेलपॉलिश लावतो. एवढं करायचा कंटाळा असेल तर स्टीलच्या वाटेला जाऊ नका. पण ॲल्युमिनियमला काहीच करावं लागत नाही, यावरही विसंबू नका. हायब्रिडच्या सीटपोस्टला मी ग्रीस लावलं नव्हतं; ती आत अशी चिकटली की काढायला दोन माणसं नि एक अख्खी सकाळ लागली.

वजन म्हणाल तर नवी सायकल दीडदोन किलोंनी जड भासते. चोडणच्या फेरीबोटीवर ढकलून चढवताना ते कळत नाही; दोन जिने उचलून नेणाऱ्याला मात्र रोज कळेल. त्याला, किंवा ज्याचं सामान खिशात मावतं त्याला, मी हायब्रिडच घे म्हणेन. रिकामी असली की ती झकास पळते, हे मान्य करायला हवं. माझी अजून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, आहे, भाचा माशेलच्या बाजारापर्यंत नेतो.

तुम्ही पिशव्या लावणार असाल तर दुकानात टेप आणि रोजचे बूट घेऊन जा. जमल्यास पिशवीही न्या, अडकवून दोन फेऱ्या मारा. मी अजून तीच पहिली पिशवी वापरतो. पुढच्या कोपऱ्यावर टाचेने घासून पडलेला रुपयाएवढा पांढरा डाग आहे. तीन पावसाळ्यांत तो वाढलेला नाही.