वसई, कर्जत की अलिबाग? मंगळवारी सकाळी पाय कुठे वळतील ते आधी बघा

मुंबईतला ब्लॉक भाड्याने देऊन लहान गावात राहायला जायचं ठरवलेली मंडळी गाव बघायला जातात ती रविवारी, आणि बहुधा डिसेंबरात. हवा छान असते, डोंगर स्वच्छ दिसतात, समुद्र शांत असतो. साहजिकच सगळीच गावं आवडतात. खरी निवड करायची तर रविवार बाजूला ठेवून मंगळवार धरावा. मंगळवारी सकाळी सहाला दार उघडलं की गाडी न काढता, पायी किंवा सायकलवर, कुठे जाता येईल? आणि वाटेत चार माणसं नावानं हाक मारतील का? वसई, कर्जत आणि अलिबाग या तिन्ही ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं अगदी वेगळी येतात.

आधी प्रवासाचं बघू, निम्मा निर्णय तिथेच होतो. चर्चगेट ते वसई रोड ५२ किलोमीटर, फास्ट लोकलने सव्वा तास धरा. मात्र वसई रोड म्हणजे वसई गाव नव्हे. गाव आणि किल्ला स्टेशनपासून पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवर आहेत, तो बस-रिक्षाचा वेळ वेगळा. सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर, लोकलने सुमारे दोन तास, आणि एक गाडी चुकली की पुढचीची बरीच वाट बघावी लागते. अलिबागला गेटवेवरून मांडव्यापर्यंत बोटीने तासभर, पुढे साधारण २० किलोमीटर बस. या बसचं भाडं बोटीच्या तिकिटातच धरलेलं असतं. सगळं सुखाचं, पण पावसाळ्यात जून ते ऑगस्ट गेटवेच्या बोटी बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, उरते, तीही समुद्र मानवला तर. नाहीतर पेण-वडखळमार्गे रस्त्याने.

म्हणून आमचं मत सरळ आहे. आठवड्याचे पाच दिवस ऑफिस गाठायचं असेल तर वसई. दोन दिवसांवर भागत असेल तर कर्जतचा विचार करा. अलिबाग त्यांच्यासाठी, ज्यांचं काम घरून चालतं किंवा गावातच आहे. कर्जतहून रोज ये-जा करणाऱ्याचे येण्याजाण्यात पाच तास जातात आणि डोंगर फक्त खिडकीतून दिसतो.

वसईत मंगळवारची सकाळ किल्ल्यात जाते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला हा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, पण त्याच्या पोटातूनच किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे रस्ता जातो. त्यामुळे तो ओसाड पडलेला नाही, पहाटेपासून मासळीवाल्यांची आणि फिरणाऱ्यांची वर्दळ असते. दुसरा पर्याय किनाऱ्याचा. रानगाव, भुईगावची वाळू सपाट आहे आणि ओहोटीला ओल्या पट्ट्यावर सायकल छान धावते. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, २५ ते ३० पीएसआय पुरते. चकचकीत करडा पट्टा दिसला तर तिथे चिखल आहे समजून वळावं, चाक रुततं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने सायकल धुवायची, पण हबवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही, नाहीतर खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. चेन कोरडी पुसून तेलाचा थेंब-थेंब द्यायचा. याचा कंटाळा केला तर आठवड्याभरात चेन गंजते. हिवाळ्यात भुईगावला पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा दुर्बीण बरोबर असू द्या.

वसईचा समाज आळी-आळीने बांधलेला आहे. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी, प्रत्येकाची बोली वेगळी, सण वेगळे, आणि नाताळ तर अख्ख्या गावाचा. बाहेरून आलेल्याला दार उघडतं ते मैदानावर. संध्याकाळी फुटबॉल किंवा व्हॉलीबॉल खेळायला उतरा, वसई-विरार महापालिकेच्या डिसेंबरातल्या मॅरेथॉनसाठी सरावाला जा, महिन्याभरात ओळखी होतात. मात्र फक्त स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये राहिलात तर यातलं काही वाट्याला येत नाही, कारण तिथे मुंबईच पुढे सरकलेली आहे. घर घ्याल ते वाडीपट्ट्यात, आणि जवळ बावखल आहे का ते विचारा. बावखलं म्हणजे वाड्यांमधली जुनी खोदलेली तळी. पावसाचं पाणी त्यांत साठून जमिनीत मुरतं आणि शेजारच्या विहिरींना टिकतं. बावखल बुजवून इमारत उभी राहिली की विहीरही आटायला लागते आणि अंगणात पाणीही तुंबतं.

कर्जतचं देणं मोठं आहे, पण ते घराच्या दारात नाही. कोथळीगड, कोंडाणे लेणी, सोंडाई, भिवगड, दोन स्टेशनं अलीकडे नेरळहून पेब आणि माथेरान, असा डोंगरांचा गोतावळा मुंबईजवळ दुसरीकडे नाही. मात्र कोथळीगडाला जायचं तर आधी पायथ्याचं आंबिवली गाव गाठावं लागतं, मग रुंद वाटेने पेठ गाव आणि त्यापुढे कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी सुळक्याचा माथा. म्हणजे शनिवारच. मंगळवारी सकाळी राहतो तो नदीकाठ. टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून सोडलेलं पाणी पेज नदीत येतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये आसपासचे ओढे कोरडे पडले तरी पेज वाहती असते. पण म्हणूनच तिच्यात पोहताना सावध राहा. वरून विसर्ग वाढला की आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढतं, आणि पाय ठेवलेला दगड बघता बघता पाण्याखाली जातो. कुठे उतरायचं आणि कधी नाही, हे काठच्या वाडीतल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नका.

ट्रेकच्या नादात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ढाक बहिरीचा कातळ नवख्याने दोराशिवाय आणि जाणकाराशिवाय चढू नये. दोर हाती धरून वर जाता येतं, पण उतरताना पाय सुटतो. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतं, ती पाळावी. गवत कमरेइतकं वाढलं की घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत, कारण फुरसं पायवाटेच्या रंगात मिसळून जातं. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठे मिळतं ते राहायला जायच्या आठवड्यातच उपजिल्हा रुग्णालयात विचारून ठेवा. चावल्यावर जखमेला चिरा देणं, आवळपट्टी बांधणं, मांत्रिकाकडे नेणं, यात नेमका महत्त्वाचा वेळ जातो.

ओळखीपाळखीच्या बाबतीत कर्जत फसवतं. शहरवाल्यांसाठी बांधलेल्या सेकंड होमच्या वसाहतींत कुंपण असतं, क्लब असतो, आणि सोमवार ते शुक्रवार चिटपाखरू नसतं. घर बाजारपेठेच्या आसपास घ्या. ठाकर आणि कातकरी वाड्यांमधल्या मुलांना वाटाड्या म्हणून योग्य पैसे देऊन बरोबर न्या, कोणाच्या घरी भाकरी खाल्लीत तर तिचेही द्या. डोंगर त्यांच्याकडूनच समजतो.

अलिबागला दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात, आणि आमचा कल म्हणूनच तिकडे आहे. जिल्ह्याचं ठाणं असल्याने जिल्हा रुग्णालय, कोर्ट, शाळा, बाजार सगळं चालत्या अंतरावर आहे, आणि बाजाराच्या टोकाला समुद्र. कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट इथे फार मनापासून खेळतात. चौलच्या दत्ताची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात गेलात तर कोणी परकं मानत नाही.

मात्र इथे घड्याळाआधी तिथी बघायची सवय लावावी लागते. इथल्या समुद्रातला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येते ती भरतीची वेळ. दशमी असेल तर दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. म्हणजे साडेसातला पूर्ण भरती आणि सहा तासांनी, दीडच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. ओहोटीच्या दीड तास आधी निघावं आणि पाणी वळलं की तासाभरात परतावं. अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी पुरतं हटत नाही आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातून जावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाळू लांबवर उघडी पडते, पण भरतीही तितक्याच झपाट्याने येते, आणि किल्ल्यात रमलेली माणसं अडकतात ती याच दिवसांत.

पायी डोंगर हवा असेल तर कनकेश्वरच्या पायऱ्या आहेत, पण कर्जतची बरोबरी नाही. पोहण्याच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगायला हवं: तिन्ही गावांचं पाणी पोहायला भरवशाचं नाही, मुलांना शिकवायचं तर तलावाची चौकशी आधी करा.

राहिला पाऊस. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी साचून लोकल ठप्प झाल्या होत्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, म्हणजे कर्जतचीच लाइन. अलिबागचं तर वर सांगितलंच. म्हणून घर बघायला जुलैत जा, आणि तेही सलग तीन दिवस. भिंतीला हात लावून ओल बघा, वीज किती वेळ जाते ते शेजाऱ्याला विचारा, आणि करार पहिल्यांदा ११ महिन्यांचाच करा, असा की त्यात एक अख्खा पावसाळा बसेल.