बाइकसाठी इंटरकॉम: साधा ब्लूटूथ की मेश, कुणी काय घ्यावं

इंटरकॉम, म्हणजे हेल्मेटला बसवून चालत्या बाइकवरून एकमेकांशी बोलायचं युनिट, कुठला घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, बोलायचं कुणाशी आहे? मागे बसलेल्या बायकोशी, एका ठरलेल्या मित्राशी, की दर रविवारी बदलणाऱ्या आठ-दहा जणांशी? या एका उत्तरावर निम्मी निवड होऊन जाते. नाहीतर लोक बॉक्सवरची रेंज बघून घेतात आणि मग पहिल्याच घाटात वैतागतात.

मागच्या सीटवरच्या माणसाशीच बोलायचं असेल तर महागडं मेश मॉडेल (ज्यात बरीच युनिट एकमेकांशी जाळ्यासारखी जोडली जातात) घेऊच नका. दोन हेल्मेटमध्ये दीड-दोन फुटांचं अंतर, त्याला किलोमीटरची रेंज कशाला लागते. कार्डो कंपनीचं स्पिरिट किंवा फ्रीकॉम २एक्स यासारखं दोघांपुरतं मॉडेल भरपूर झालं, बजेट कमी असेल तर चायनीजमधलंही चालेल, फक्त दोघांकडे सेम मॉडेल असू द्या. उरलेले पैसे चांगल्या हेल्मेटमध्ये घाला, असं मी मनापासून सांगतो.

खरा घोळ तीन-चार जण झाले की सुरू होतो. साध्या ब्लूटूथमध्ये साखळी असते, म्हणजे पहिला दुसऱ्याला जोडलेला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. आम्ही चौघं ताम्हिणीतून कोकणात उतरत होतो आणि दुसऱ्या नंबरचा पेट्रोलला थांबला, झालं, पुढचा एकटा पडला आणि मागच्या दोघांना तो कुठे गेला ते कळेना, पुढच्या टपरीवर भेटेपर्यंत सगळे टेन्शनमध्ये. यात युनिटचा दोष नव्हता, साखळीचा स्वभावच तो. मेशमध्ये हे होत नाही कारण प्रत्येक युनिट आजूबाजूच्या सगळ्यांशी जोडलेलं असतं, एक जण मागे राहिला तर आवाज दुसऱ्याकडून फिरून येतो आणि तो परत रेंजमध्ये आला की आपोआप जोडला जातो, हँडलवरचा हात काढून बटणं दाबत बसायला नको.

मेशमध्ये मोठी नावं दोन. कार्डो पॅकटॉक एजमध्ये १५ जणांपर्यंतचा ग्रुप होतो, दोन बाइकमधली रेंज कंपनी १.६ किलोमीटर सांगते, युनिट आयपी६७ वॉटरप्रूफ आहे आणि चुंबकाने बसतं, त्यामुळे चहाला थांबलं की काढून खिशात टाकता येतं. दुसरी कंपनी सेना, त्यांच्या ५०एसमध्ये ग्रुप मेशला २४ जण आणि ओपन मेशला कितीही, त्यात पेअरिंग, म्हणजे एकेक युनिट आधी जोडून घेणं, लागतच नाही, एकाच चॅनलवर आले की बोलणं सुरू, रेंज मोकळ्यात २ किलोमीटरपर्यंत. ज्या ग्रुपमध्ये दर राइडला नवी माणसं येतात तिथे हे ओपन मेश फार सोयीचं. पावसाळ्यात बाइक बाहेर काढणाऱ्याला मात्र मी पॅकटॉक सांगेन, जुलैत ताम्हिणीत पाऊस कसा लागतो हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. माझ्या एका जुन्या स्वस्त युनिटच्या चार्जिंगच्या रबरी झाकणातून पाणी शिरलं आणि ते तिथेच गेलं.

आणि हे कार्डोवालं मेश आणि सेनावालं मेश एकमेकांशी बोलत नाही, हे नीट ध्यानात ठेवा! दोन्ही महाग आहेत म्हणून जुळतील असं नसतं. वेगळ्या कंपन्या जोडायच्या तर ब्लूटूथवरूनच जोडाव्या लागतात. म्हणून ग्रुपमधल्या सहापैकी पाच जणांकडे एक कंपनी असेल तर सहाव्याने तीच घ्यावी, रिव्ह्यू काहीही म्हणोत.

आपल्याकडचं ब्लूआर्मर, बंगळुरूची कंपनी, त्यांच्या सी३० मध्ये राइडग्रिड नावाचं स्वतःचं मेश आहे. देशातच सर्व्हिस मिळणं ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट, पण इथेही तोच नियम, ग्रुपने मिळून घेतलं तरच मेशचा फायदा.

चायनीजमध्ये आकड्यांचा अर्थ समजून घ्या. ईजीआसच्या व्ही६ प्रोवर ६ रायडर लिहिलेलं असतं पण एकावेळी बोलतात दोघंच, बाकीच्यांकडे बटणाने स्विच करावं लागतं. चौघांनी एकदम बोलायचं असेल तर त्यांचंच व्ही४ बघा. किंमत मात्र मेशवाल्यांच्या काही पटीने कमी, त्यामुळे नुकतंच राइडिंग सुरू केलेल्याने तिथून सुरुवात केली तर मी नावं ठेवणार नाही.

रेंजबद्दल एकच. ते आकडे सरळ मोकळ्या रस्त्याचे असतात. वरंधात किंवा आंबोलीत मध्ये डोंगराचा खांदा आला की दोन वळणं पुढचा मित्रसुद्धा ऐकू येत नाही, कुठल्याही कंपनीचं असो.

आवाज कमी येतो ही तक्रार बहुतेक वेळा बसवण्यात असते. स्पीकर कानाच्या भोकासमोरच यायला हवा, एक सेंटिमीटर सरकला तरी ८० च्या स्पीडला वाऱ्यात काही कळत नाही. आधी हेल्मेट घालून कानाची जागा बोटाने चाचपा, मग वेल्क्रो चिकटवा. फुलफेसला वायरचा छोटा माइक, हनुवटी उघडणाऱ्या आणि ओपनफेसला दांडीचा. जागा होत नाही म्हणून आतलं थर्माकोल कापायचं नाही, डोकं वाचवतं ते तेच.

आता जोडणी. ही घरी करा, सकाळी साडेपाचला राइड सुटताना पुण्याच्या चांदणी चौकात नको. आधी सगळी युनिट फॅक्टरी रिसेट करा, फोनमधली जुनी नावं डिलीट करा, फर्मवेअर (युनिटच्या आतलं सॉफ्टवेअर) सगळ्यांचं अपडेट करा. मग आधी फोन जोडा, त्यानंतर इंटरकॉम, आणि त्यावेळी बाकीच्यांची युनिट बंद ठेवा, नाहीतर भलतंच कुणीतरी जोडलं जातं. दोन कंपन्या जोडताना युनिव्हर्सल पेअरिंग वापरावं लागतं, त्यात तुमच्या युनिटला समोरचा इंटरकॉम म्हणजे एक मोबाइलच वाटतो, त्यामुळे फोनची एक जागा अडते आणि गाणी किंवा मॅप्सचा आवाज गायब होऊ शकतो, युनिट बिघडलं असं समजू नका. नवीन बाइकच्या कन्सोललाही ब्लूटूथ असतं, फोन तिकडे आणि हेल्मेटला दोन्हीकडे जोडलेला असेल तर कॉलचा आवाज कुठे जातोय ते एकदा तपासा. गुगल मॅप्सचा आवाज येत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथवरून आवाज चालू आहे का बघा.

सगळं झालं की हेल्मेट आणि ग्लोव्हज घालून सोसायटीला एक चक्कर मारा आणि व्हॉल्यूम, म्यूट, कॉल घेणं ही तीन बटणं न बघता सापडतात का ते बघा. दुकानात युनिट हातात घ्याल तेव्हाही ग्लोव्हज सोबत न्या.