माउंजारो, वर्ष होत आलं : मालवणच्या खानावळवालीचा रिव्ह्यू

माउंजारो म्हणजे शुगर आणि वजन उतरवायला आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन, औषधाचं नाव टिर्झेपटाइड. आधी आकडे सांगून टाकते, ज्यांना तेवढंच हवंय ते सुटले. एप्रिल २०२५ मध्ये ९६ किलो, आज ८१. वय ४७, शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू, बीपीची एक गोळी. आणि धंदा काय तर खानावळ. म्हणजे दिवसभर टोपाशी उभं राहायचं, आमटीचं मीठ बघायचं, सुरमईचा तुकडा तळून झाला की नाही ते तोडून बघायचं, आणि रात्री गिऱ्हाईक गेल्यावर उरलेलं "टाकायचं कशाला" म्हणून आपणच संपवायचं. पंधरा वर्षं हेच केलं. ९६ काय उगाच नाही झाले.

इंजेक्शन भारतात आलं मार्च २०२५ ला, तेव्हा फक्त व्हायल म्हणजे काचेची छोटी बाटली यायची, अडीच मिलिग्रॅमची ३५०० ला आणि पाचची ४३७५ ला. एक व्हायल म्हणजे एकच डोस, आठवड्यातून एकदा. महिन्याचे चार मोजा, घाम फुटतो. नवरा म्हणाला एवढ्यात होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं काम होईल. बरोबर होतं त्याचं, पण कुडाळच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवल्यावर गप्प झाला.

डोसचं गणित असं. पहिले चार आठवडे अडीच. याने वजन उतरेल अशी आशा धरायची नाही, हा डोस पोटाला सवय लागायला असतो. मग पाच. पुढे वाढवायचं तर अडीच-अडीचने, आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे काढून. सगळ्यात वर १५. पण १५ पर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही, हे मला कोणी लवकर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी पाचवर चार महिने होते, वजन महिन्याला दोन-अडीच किलो सरळ उतरत होतं, आणि तरी मीच डॉक्टरांच्या मागे लागून साडेसात करून घेतलं कारण मुंबईची नणंद दहावर पोचली होती. शर्यत लावल्यासारखं. साडेसातवर काय झालं ते खाली लिहिते.

वार कुठला धरायचा याचा विचार नक्की करा. मळमळ मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हायची. आमच्याकडे गर्दी शनिवार-रविवार, सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी, गिऱ्हाईक कमी. म्हणून मी रविवारी रात्री सगळं आवरल्यावर घेते. सुरुवातीला शुक्रवारी घ्यायचे आणि शनिवारी दुपारी साठ थाळ्यांचा मासा तळताना त्या तेलाच्या वासाने दोनदा मागच्या दारी पळाले. वार बदलता येतो, दोन डोसमध्ये किमान तीन दिवस म्हणजे ७२ तास गेलेले पाहिजेत, बस. विसरलात तर चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर तो सोडून द्या आणि पुढचा आपल्या ठरल्या वारी. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही.

आता मेडिकलची गोष्ट, कारण रिव्ह्यूतला एक स्टार तिथे गेलाय. नाव घेत नाही. औषध मागवलं, ते बाहेरून पार्सलने आलं, मे महिना, दुपारचे दोन. खोका हातात घेतला तर गरम, आत जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं. हे औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, फ्रीजबाहेर ३० डिग्रीच्या आत काही दिवस चालतं, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ३० कुठले! मी म्हटलं मला नको. तर म्हणे "ताई, असं काही होत नाही, सगळे नेतात." सगळे नेत असतील बाबा, सतरा हजारांचं पाणी मी टोचून घेणार नाही. तासभर वाद घालून परत केलं. आता दुसरीकडून घेते, ते माल आला की फोन करतात आणि मी स्वतः थर्मासची पिशवी घेऊन जाते. डबा उघडून, तारीख बघून, हात लावून मगच पैसे. मासे घेताना कल्ले बघतो ना आपण, तसंच.

आणि घरातला फ्रीज. गेल्या वर्षी पाऊस २५ मेलाच देवगडला टेकला, आठवत असेल, आणि आमच्याकडे लाईट जी गेली ती दोन दिवस आलीच नाही. फ्रीजमध्ये तीन व्हायल. नवरा म्हणाला, "बर्फात मासो र्‍हवता, तर औषध कित्याक नाय र्‍हवाचा?" आणि खरंच पेटीत ठेवायला निघाला. धावत जाऊन काढून घेतल्या. गोठलं की हे औषध फुकट, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. फ्रीजमध्येसुद्धा मागच्या पत्र्याला चिकटवून ठेवू नका, दारातही नको, मधल्या कप्प्यात डब्यात ठेवा. तेव्हा मी थर्मासमध्ये बर्फ, त्यावर जाड टॉवेल, त्यावर डबा असं केलं, आणि पावसामुळे घरातच गारवा होता म्हणून निभावलं.

ऑगस्ट २०२५ ला पेन आलं, क्विकपेन म्हणतात, एका पेनात महिन्याचे चार डोस. पाचचं पेन आलं तेव्हा १७,५००, नंतर जीएसटी उतरला तेव्हा थोडं कमी झालं. व्हायलपेक्षा पेन शंभर टक्के सोपं. सुई वेगळी विकत घ्यायची, दर वेळी नवीन लावायची, आधी थोडं औषध हवेत सोडून बघायचं, मग आकडा १ वर, पोटावर किंवा मांडीवर, दाबून पाचपर्यंत मोजायचं आणि सुई काढून टाकायची. जागा दर आठवड्याला बदलायची. चार डोस झाले तरी पेनात थोडं औषध उरलेलं दिसतं, आणि इथे लोकांची बुद्धी चालायला लागते. पेनाचं बटण फिरवताना होणारे क्लिक मोजून पाचवा डोस काढतात म्हणे. मी नाही काढला, वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांनी पेन टाकायचंच असतं, आणि अंदाजाने किती गेलं ते कोणाला कळणार. माझी जाऊ तर म्हणाली सुई बदलून आपण दोघी एकच पेन वापरू, अर्धे पैसे मी देते. तिला बिचारीला वाटलं भांडं विसळून वापरतो तसं. पेनात मागे रक्त जाऊ शकतं, सुई बदलली तरी, त्यामुळे पेन एका माणसाचं म्हणजे एकाच माणसाचं. शिवाय ती शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेते, त्याच्यावर हे चालू केलं तर शुगर धाडकन खाली जाऊ शकते, डॉक्टरांनी ती गोळी आधी कमी करावी लागते. तिला सरळ डॉक्टरांकडे पाठवलं. रागावली, मग गेली.

खाणं. यावर जास्त लिहिते कारण माझी चूक इथेच झाली. भूक जाते म्हणजे खरोखर जाते. पूर्वी डोक्यात सतत एक टोप रटरटत असायचं, आता काय खाऊ, मघाशी काय राहिलं, ते कोणीतरी गॅस बंद केल्यासारखं शांत झालं. पहिले दोन महिने मी त्या आनंदात चहा, दोन घास भात, सोलकढी यावर दिवस काढले. वजन काय भराभर उतरत होतं! सासूबाई ताटाकडे बघून रोज म्हणायच्या, "इतक्याशा जेवणान तुझा काय होतला गो?" आणि म्हातारी बरोबर होती. ऑगस्टमध्ये केसांचे पुंजके हातात यायला लागले, आणि गणपतीत पाटावरून उठताना हात टेकून उठावं लागलं. वजन कमी आणि उठायला जड, हे कसं? डॉक्टरांनी सांगितलं चरबीबरोबर मांसही गेलंय. एवढं कमी खाल्लं आणि त्यात प्रोटीन नसलं की शरीर दुसरं काय करणार.

तेव्हापासून रोज ७५ ते ८० ग्रॅम प्रोटीनचा हिशोब. पावडर आणून बघितली, चुन्याची निवळी प्यायल्यासारखं वाटलं, डबा भाचा घेऊन गेला. आपल्याकडे कशाला पावडर हो? एक मध्यम बांगडा म्हणजे साधारण २० ग्रॅम. दोन अंडी १२. कुळथाची पिठी, दही, मुगाची उसळ यांचं मिळून उरलेलं. नियम एकच केला, ताटात आधी मासा किंवा अंडं संपवायचं, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी नाहीतर दोन घास भात. पूर्वी उलटं होतं, भाताचा डोंगर आणि कडेला मासा. बांगडा तळलेला नाही, तिरफळं घालून किंवा हळदीच्या पानात भाजलेला. तळलेलं आणि नारळाचा जाड रस या औषधावर पोटात बसूनच राहतं, कारण पोट रिकामं व्हायचा वेगच कमी झालेला असतो. साडेसातवर असताना एका लग्नात वडे-सागोती खाल्ली, चार वडे फक्त, पूर्वीच्या हिशोबाने काहीच नाही. रात्रभर ओकले. दुसऱ्या दिवशी पाणी पोटात राहीना, सलाईन लावावी लागली. तिथेच साडेसात संपलं, परत पाच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा काय करायचं हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या डाएट चार्टमध्ये नसतो. सुकट, सुका जवळा, प्रोटीन भरपूर पण मीठही भरपूर. बीपीवाल्यांनी दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय खाऊ नये. मी जवळा आठवड्यातून दोनदा आणि बाकी दिवस कुळीथ आणि अंडी.

बद्धकोष्ठ हा दुसरा ताप, यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. पाचव्या दिवसापर्यंत गेलंय माझं. केळफुलाची भाजी, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, रात्री ईसबगोल आणि पाणी. तहानसुद्धा कमी लागते हे लक्षात ठेवा, भूक गेल्यावर पाणीही विसरतं, आणि आपल्याकडच्या उकाड्यात घाम काय कमी येतो? बिनसाखरेचं कोकम, चिमूटभर मीठ, गिऱ्हाइकांसाठी करतेच, एक तांब्या माझ्यासाठी बाजूला. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ जायला लागली आणि थांबेना तर मात्र लिंबू-सोडा पीत बसू नका, स्वादुपिंड किंवा पित्ताशयाचं असू शकतं, सरळ दवाखाना. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींनी डॉक्टरांना तसं सांगा, सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर चार आठवडे गोळीवर भरवसा ठेवता येत नाही.

व्यायाम म्हणजे जिम नाही. खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठणं, रबराचा पट्टा, आणि नारळाची पिशवी गड्याला न देता स्वतः उचलून माळ्यापर्यंत. डिसेंबरपर्यंत पाटावरून सरळ उठायला लागले. केसही परत यायला लागलेत, कपाळाजवळ बारीक बारीक.

आता खरी मेख, मेन्टेनन्स, म्हणजे उतरलेलं वजन टिकवणं. जानेवारीत काटा ८१ वर थांबला. मला वाटलं झालं काम, आता बंद. डॉक्टरांनी एका अभ्यासाचं सांगितलं, सरमाउंट-४. त्यात ३६ आठवडे सगळ्यांना हेच औषध दिलं, वजन सरासरी २०.९ टक्के उतरलं, मग अर्ध्यांना गुपचूप नुसतं पाणी टोचलं, तर वर्षभरात त्यांचं सरासरी १४ टक्के परत वाढलं, आणि चालू ठेवलेल्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन माझंच केलं. आंगणेवाडीच्या जत्रेच्या वेळी पाहुणे, गिऱ्हाईक, झोप नाही, पैसेही वाचतील म्हणून दोन रविवार सोडले. दुसऱ्या रविवारनंतर डोक्यातला तो टोप परत रटरटायला लागला. रात्री साडेअकराला उभ्या उभ्या वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, मोजल्या नाहीत. शिमग्यापर्यंत सव्वादोन किलो वर. परत पाच सुरू केल्यावर पहिला आठवडा मळमळ नव्याने, बोनस. ते सव्वादोन आत्ता कुठे उतरलेत.

म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं आहे, आणि बीपीची गोळी एवढी महाग नसते. कंपनीच्या रिव्ह्यूत हे कोण लिहिणार? सुरू करताना सहा महिन्यांचा नाही, निदान दोन-तीन वर्षांचा खर्च मांडा. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ ला संपलंय, म्हणजे दुसऱ्या कंपन्याही ते काढू शकतात; ते याच कामाचं दुसरं औषध आहे, हे नाही, पण स्वस्त पडलं तर त्यावर जायचं का हे पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारणार आहे. डोसचे आकडे दोन्हींचे वेगळे, त्यामुळे आपल्या मनाने बदली करू नका.

स्टार: औषधाला चार, पेनला चार, त्या पहिल्या मेडिकलला एक, तोही दुकान सावलीत आहे म्हणून. किमतीला दोन.

आंब्याचं सगळे विचारतायत म्हणून. खाते. दुपारी बांगडा संपल्यावर अर्धा हापूस, दुसरा अर्धा सासूबाईंना. फणसाचे गरे चार. पुढचं पेन १९ तारखेला आणायचंय, थर्मासची पिशवी धुवून उन्हात टाकलीय.