क्लाउडवर कर्नल डम्प हाती लागायचा असेल तर: डिस्क, नेटवर्क की सिरीयल कन्सोल?

रात्री व्हीएम (आभासी मशीन) पॅनिक होते, म्हणजे तिचा कर्नल कोसळतो, ती आपोआप रीबूट होते, आणि सकाळी क्रॅशचं फोल्डर उघडावं तर आत काहीच नाही. केडम्प सर्व्हिस (लिनक्स कर्नल कोसळला की मेमरीची प्रत, म्हणजे डम्प, जपून ठेवणारी) तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसत होती! त्या हिरव्या शब्दाचा अर्थ एवढाच की दुसरा कर्नल मेमरीत चढवून ठेवलाय. तो वेळेला उठेल का, त्याला डिस्क दिसेल का, लिहून होईपर्यंत मशीन जिवंत राहील का, हे त्यातून कळत नाही. डम्प कुठे पाठवायचा हे डिस्ट्रोच्या डीफॉल्टवर न सोडता आपण ठरवायला हवं, कारण प्रत्येक मार्ग वेगळ्या ठिकाणी अडकतो.

डिस्क असो वा नेटवर्क, दोन्हीच्या मुळाशी राखीव रॅम आहे. २००५ साली २.६.१३ कर्नलबरोबर केडम्प आला तेव्हापासून पद्धत तीच: बूट होतानाच थोडी रॅम बाजूला काढायची, तिथे दुसरा कर्नल ठेवायचा, आणि पहिला कोसळला की केएक्झेकने (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करणाऱ्या सोयीने) त्यात शिरायचं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये जुनं ‘ऑटो’ (किती रॅम राखायची ते आपोआप ठरवणारं सेटिंग) गेलं. एक्स८६ वर १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ६४ जीबीपर्यंत २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी असं डीफॉल्ट आहे. १ जीबीखालच्या मशीनवर या हिशेबाने काहीच राखलं जात नाही, त्यामुळे चिमुकल्या व्हीएमवर डम्पची वाट बघण्यात अर्थ नाही. एएमडी एसईव्हीच्या (मेमरी एन्क्रिप्ट करणाऱ्या तंत्राच्या) कॉन्फिडेन्शियल व्हीएममध्ये डिस्क-नेटवर्कचा डेटा बाउन्स बफरमधून (मधल्या तात्पुरत्या मेमरीतून) जातो. तो किमान ६४ एमबी खातो आणि तोही याच राखीव रॅममधून. तिथे डीफॉल्टवर विसंबू नका, आकडा वाढवाच.

स्थानिक डिस्क

मला हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. स्टोरेजचा ड्रायव्हर आणि फाइलसिस्टीम, एवढ्यावर काम भागतं. पण दुसऱ्या कर्नलचा इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारे ड्रायव्हर आणि साधनं असलेली छोटी फाइलसिस्टीम) बहुतेक वेळा त्या-त्या मशीनपुरता बेतलेला असतो. झेन हायपरव्हायजरवर चालणाऱ्या जुन्या ईसी२ इन्स्टन्सवर (अमेझॉनच्या क्लाउडमधल्या व्हीएमवर) तयार केलेली इमेज नायट्रो या नव्या व्यवस्थेवर उभी केली की डिस्क एनव्हीएमई होते. मुख्य सिस्टीम व्यवस्थित बूट झाली तरी क्रॅशच्या इनिटरॅमएफएसमध्ये तो ड्रायव्हर असेलच असं नाही. इन्स्टन्सचा प्रकार बदलला की तो नव्याने बांधा. डिस्क यूयूआयडीने (तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) ओळखा. एनव्हीएमईची नावं रीबूटनंतर इकडची तिकडे होऊ शकतात.

यापेक्षा मोठा धोका कर्नलच्या बाहेर आहे. डम्प लिहिला जात असताना व्हीएम हेल्थ चेकला उत्तर देत नाही. ऑटोस्केलिंग (गरजेनुसार मशीनं आपोआप वाढवणारी-घटवणारी सोय) तिला मृत समजतं, टर्मिनेट करतं आणि नवी उभी करतं. ईसी२ वर रूट व्हॉल्यूम डीफॉल्टने इन्स्टन्सबरोबरच पुसला जातो, म्हणजे अर्धामुर्धा डम्पही गेला. इन्स्टन्स स्टोअरवर (होस्टच्या तात्पुरत्या डिस्कवर) लिहिलेलं रीबूटमध्ये टिकतं, पण मशीन थांबवलं की संपलं. म्हणून डम्पसाठी वेगळा छोटा व्हॉल्यूम जोडा, ‘टर्मिनेट झाल्यावर पुसा’ हा पर्याय त्याच्यापुरता बंद ठेवा, आणि हेल्थ चेकची सवलत डम्पला लागणाऱ्या वेळाहून जास्त द्या.

व्हॉल्यूम केवढा घ्यायचा? मेकडम्पफाइल (डम्प गाळून लहान करणारं साधन) ३१ या पातळीवर शून्यांनी भरलेली पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे), कॅशे, युजर प्रोसेसची पानं आणि मोकळी पानं गाळतं, त्यामुळे डम्प रॅमच्या मानाने बराच लहान होतो. मात्र मेमरी लीक कर्नलमध्येच असेल तर ती पानं गाळली जात नाहीत. ज्या डम्पची सर्वांत जास्त गरज असते तोच फुगतो. जागा घेताना हात आखडू नका.

नेटवर्क

मशीनं येतात-जातात अशा ताफ्यात नेटवर्क आकर्षक वाटतं आणि तिथे ते योग्यही आहे, कारण व्हीएम नाहीशी झाली तरी डम्प दुसरीकडे पोचलेला असतो. पण साखळी लांब आहे: नेटवर्क ड्रायव्हर, डीएचसीपी, रूट, सिक्युरिटी ग्रुप, एसएसएचची की किंवा एनएफएसचा माउंट. एक कडी निसटली की हाती काही नाही. अ‍ॅझ्युअरवर अ‍ॅक्सिलरेटेड नेटवर्किंग असेल तर मेलानॉक्सच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर राखीव रॅमचा मोठा घास घेतो. क्रॅशच्या इनिटरॅमएफएसमधून तो वगळला तरी हायपर-व्हीच्या नेटव्हीएससी या आभासी नेटवर्क ड्रायव्हरवरून काम चालतं. वेग कमी मिळतो, पण डम्प मिळतो.

एसएसएचने आलेली फाइल ‘फ्लॅट’ स्वरूपात असते, काही साधनांत उघडण्याआधी ती मेकडम्पफाइलने पुन्हा जोडावी लागते; फाइल उघडत नाही म्हणून डम्प खराब झाला असं समजू नका. डम्पमध्ये कर्नलच्या मेमरीतल्या किल्ल्या आणि ग्राहकांचा डेटा असू शकतो. एन्क्रिप्शन नसलेल्या एनएफएसवर तो मी पाठवणार नाही.

सिरीयल कन्सोल

व्हीएमच्या आभासी सिरीयल पोर्टवर कर्नल जो मजकूर लिहितो तो इथे दिसतो. याला राखीव रॅम लागत नाही आणि ते कुठल्याही निवडीसोबत चालू ठेवता येतं. ईसी२ कन्सोलचा शेवटचा ६४ केबी मजकूर देतं. अ‍ॅझ्युअरवर बूट डायग्नॉस्टिक्स आधी चालू करावं लागतं. ओळखीच्या ड्रायव्हरमधला नल पॉइंटर असेल तर स्टॅक ट्रेसवर (कोसळताना कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्याच्या यादीवर) काम भागतं. मेमरी करप्शन किंवा डेडलॉकसाठी भागत नाही.

केडम्प बिघडला तर तपासाचं मुख्य साधनही कन्सोलच. पॅनिकनंतर दुसऱ्या कर्नलची एकही ओळ नसेल तर बहुधा तो चढलेलाच नव्हता: राखीव रॅम शून्य आहे का ते बघा, आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी व्यवस्था) असेल तर जुना केएक्झेक कॉल नाकारला जातो, सही तपासणारा फाइलवाला कॉल लागतो. ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) दिसला तर रॅम अपुरी. डिस्कची वाट बघत थांबला तर ड्रायव्हर नाही. लिहिण्याची टक्केवारी मध्येच तुटली तर बाहेरून कुणीतरी मशीन मारलं.

पॅनिक न होता मशीन नुसतं गोठलं तर कुठलाच मार्ग आपणहून सुरू होत नाही. नायट्रो इन्स्टन्सला डायग्नॉस्टिक इंटरप्ट पाठवता येतो, अ‍ॅझ्युअरच्या सिरीयल कन्सोलवरून एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट). त्यासाठी अनोळखी एनएमआयवर पॅनिक होण्याचं सेटिंग आधीच चालू हवं. सॉफ्ट लॉकअपवर (सीपीयू फार वेळ एकाच कामात अडकल्याच्या इशाऱ्यावर) पॅनिक मात्र सरसकट लावू नका; होस्टने व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) काही काळ रोखून धरला तरी तो इशारा येतो, आणि धडधाकट मशीन पडतं.

स्वतःचं ओपनस्टॅक किंवा केव्हीएम असेल तर होस्टवरून व्हर्श या कमांडने मेमरी डम्प घ्या, गेस्टच्या (आतल्या व्हीएमच्या) भानगडीतच पडू नका. सार्वजनिक क्लाउडवर ही सोय ग्राहकाला नसते.

माझं मत: डेटाबेससारख्या टिकून राहणाऱ्या व्हीएमवर वेगळा व्हॉल्यूम. ऑटोस्केलिंगच्या ताफ्यात, जिथे मशीन राखून ठेवणं शक्य नाही, तिथे एसएसएच. १-२ जीबीच्या किरकोळ मशीनवर फक्त कन्सोल. जे निवडाल ते इन्स्टन्सच्या प्रत्येक प्रकारावर आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या सोयीच्या) ‘सी’ने खरोखर क्रॅश करून बघा, आणि आलेला डम्प ‘क्रॅश’ या साधनात उघडा. त्याला तंतोतंत त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबगइन्फो (डीबगिंगची माहिती असलेली फाइल) लागते. रेपॉझिटरीतून ती हटण्याआधी इमेजसोबत जपून ठेवा.